चार इंचांच्या मर्यादेत: जुनी डर्ट बाइक पुन्हा शर्यतीत उतरवताना

जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांना एक आकडा पाठ असतो: मागे चार इंच. अमेरिकेतली ‘अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन’ ही संस्था अशा शर्यती भरवते. तिच्या ‘व्हिंटेज’ वर्गाच्या दोन मुख्य अटी आहेत. गाडी साधारणपणे १९७४ पर्यंतच्या बनावटीची किंवा त्याच रचनेची हवी. आणि चाक वर-खाली होण्याचं अंतर पुढे ७ इंच व मागे ४ इंच यांच्या आत हवं. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर पुढे सुमारे १७८ आणि मागे सुमारे १०२. आजच्या मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक १२ इंचांच्या आसपास हलतं. म्हणजे व्हिंटेज वर्गातल्या स्वाराला आजच्या एक तृतीयांश हालचालीत उड्या, खड्डे आणि चाकोऱ्या पार करायच्या असतात.

जुनी डर्ट बाइक नीट करून शर्यतीत उतरवण्याचं सगळं शास्त्र या एका मर्यादेभोवती फिरतं. इंजिनात किती ताकद ठेवायची, एक्झॉस्टच्या नळीचा आकार कसा असावा, स्प्रिंग किती कडक घ्यायची, सांगाड्यात कुठे जोड द्यायचा, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटी त्या चार इंचांपाशी येऊन तपासावं लागतं. म्हणून आधी हे पाहू, की ही रेघ १९७४ वरच का ओढली गेली.

१९७४ची रेघ

चिखलमातीतल्या मोटरसायकल शर्यतींचा उगम इंग्लंडमधला. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे झालेली ‘स्क्रॅम्बल’ ही या खेळाची सुरुवात मानली जाते. १९५७ पासून ५०० सीसी वर्गाची आणि १९६२ पासून २५० सीसी वर्गाची जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्या पहिल्या काळात फोर-स्ट्रोक गाड्यांचा दबदबा होता. साठच्या दशकात स्वीडनच्या हुस्क्वार्ना आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी त्यांना मागे टाकलं. तरी इंजिन कोणतंही असो, सस्पेन्शन जवळजवळ सगळ्यांचं सारखंच होतं: पुढे दुर्बिणीच्या नळ्यांसारखा फोर्क आणि मागे चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकॲब्सॉर्बर. मागची हालचाल चार इंचांच्या आसपास.

१९७३ मध्ये हे बदललं. बेल्जियममधले प्राध्यापक ल्युसियाँ टिल्केन्स यांनी दोनऐवजी एकच लांब शॉकॲब्सॉर्बर टाकीखाली आडवा बसवण्याची रचना तयार केली होती. यामाहाने ती विकत घेतली आणि त्या वर्षी स्वीडनच्या हाकान अँडरसनने या ‘मोनोशॉक’ यामाहावर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या मायको गाड्यांवर शॉकॲब्सॉर्बर पुढे सरकवलेले दिसले. शॉकॲब्सॉर्बर मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या बिजागरीजवळ आणला की त्याच्या तेवढ्याच दबण्यात चाक जास्त हलतं. ही युक्ती बघून कितीतरी हौशी स्वारांनी आपापल्या गाड्यांचे जुने टेकू करवतीने कापून पुढे वेल्ड करून घेतले. काही वर्षांतच मागची हालचाल दुपटीच्या वर गेली.

हा बदल एवढा मोठा का, ते साध्या गणिताने कळतं. समजा गाडी १ मीटर उंचीवरून खाली आली. मागचं चाक १० सेंटिमीटर दबून तो धक्का झेलत असेल, तर सरासरी बल वजनाच्या सुमारे ११ पट होतं. चाक ३० सेंटिमीटर दबत असेल, तर तेच बल सुमारे सव्वाचार पट. हालचाल वाढली की स्वार तीच उडी अधिक वेगाने घेऊ शकतो. मग ट्रॅक बांधणारे उड्या मोठ्या करतात आणि आधीची गाडी त्या ट्रॅकवर निरुपयोगी ठरते. झालंही तसंच. १९७३ची उत्तम गाडी १९७६ मध्ये शर्यतीच्या कामाची उरली नव्हती.

नियमातली रेघ या उलथापालथीच्या तोंडावर ओढलेली आहे. त्यामुळे आधीच्या काळातल्या गाड्या एकमेकींशी बरोबरीने लढतात आणि ट्रॅकही त्यांच्या बेताचा, नैसर्गिक चढउतारांचा, मोठ्या कृत्रिम उड्या टाळणारा असतो. ब्रिटनमध्ये हीच विभागणी वेगळ्या नावांनी होते: १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा ‘प्री-६५’, दोन शॉकॲब्सॉर्बरवाल्यांचा ‘ट्विनशॉक’, आणि त्यापुढच्या पण हवेने थंड होणाऱ्या, ड्रम ब्रेकच्या गाड्यांचा ‘इव्हो’. म्हणजे गाडी खोलण्याआधी ठरवायची पहिली गोष्ट ही, की ती कोणत्या वर्गात उतरणार. त्या वर्गाचं नियमपुस्तक हातात न घेता विकत घेतलेला एकेक भाग पुढे पंचांच्या तपासणीत नाकारला जाऊ शकतो.

एल्सिनोर नावाची गाडी

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: होंडाची सीआर २५० एम ‘एल्सिनोर’. तोवर होंडाची ओळख फोर-स्ट्रोक इंजिनांची होती. १९७३च्या मॉडेल वर्षासाठी कंपनीने खास मोटोक्रॉससाठी बनवलेली ही टू-स्ट्रोक बाजारात आणली. नाव घेतलं कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावातल्या शर्यतीवरून. ब्रूस ब्राउन यांच्या १९७१च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटामुळे ती शर्यत सर्वदूर पोहोचली होती.

गाडी २४८ सीसीची, एक सिलिंडर, पाच गिअर, हवेने थंड होणारी. सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा, टाकी ॲल्युमिनियमची, वजन शंभर किलोच्या आत. गॅरी जोन्सने १९७३ मध्ये होंडावर अमेरिकेची २५० सीसी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी आलेल्या १२५ सीसीच्या धाकट्या एल्सिनोरवर मार्टी स्मिथने १२५ सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कारखान्याच्या खास गाडीजवळ जाणारं यंत्र सामान्य स्वाराला दुकानातून विकत मिळू लागलं, हे एल्सिनोरचं मोठेपण. ती भरपूर विकली गेली, म्हणून आजही सापडते आणि तिचे बरेच भाग नव्याने तयार करून विकले जातात.

जुनी गाडी घेताना चकचकीत रंगाला भुलू नये. पाहायचं ते हे: सांगाडा आणि इंजिनावरचे क्रमांक शाबूत आहेत का, इंजिनाचं आवरण कुठे फुटून वेल्ड केलेलं नाही ना, हब धड आहेत का, टाकी मूळची आहे का. पिस्टन, बेअरिंग, सील, केबल, चेन-स्प्रॉकेट हे सगळं बदलायचंच असतं, त्यामुळे ते झिजलेलं असलं तरी फार बिघडत नाही. न मिळणारे भाग मात्र गाडीसोबतच यायला हवेत. गंजलेली पण पूर्ण गाडी, रंगवलेल्या अर्धवट गाडीपेक्षा शेवटी स्वस्त पडते.

सांगाडा आधी

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत. नट-बोल्ट आणि वॉशर चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवावेत. गाडी पुन्हा उभी राहीपर्यंत जुना भाग टाकून देऊ नये, कारण नवा भाग बसत नाही तेव्हा जुन्यावरूनच माप घ्यावं लागतं.

मोकळा सांगाडा साफ केल्यावर पहिलं काम तडे शोधण्याचं. ते ठरावीक जागी असतात: हँडलच्या मानेपाशी, स्विंग आर्मच्या बिजागरीभोवती, इंजिन आणि शॉकॲब्सॉर्बर अडकवण्याच्या टेकूंपाशी, पायटेकाच्या मुळाशी. डोळ्यांना न दिसणारा तडा ‘डाय पेनेट्रंट’ने दिसतो. लाल द्रव लावायचा, काही वेळाने पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग रेषेसारखा वर येतो. ही तपासणी रंगाआधीच व्हायला हवी. पावडर कोटिंगचा जाड थर आधीचे तडे झाकतो आणि पुढे पडणारे लवकर दिसू देत नाही. म्हणून शर्यतीच्या सांगाड्याला अनेक जाणकार साधा, पातळ रंगच देतात.

क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद पातळ नळीतही भक्कम असतं, पण वेल्डिंगच्या बाबतीत नाजूक. वेल्डिंगनंतर पाणी मारून किंवा गार वाऱ्याच्या झोतात ते एकदम थंड केलं तर जोडाशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि नवा तडा जुन्याच्या बाजूलाच जातो. हे काम टिग वेल्डिंगचा हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावं. जिथे टेकू सतत तुटतो तिथे छोटा त्रिकोणी पत्रा जोडून बळकटी देता येते. अशी बळकटी त्या काळातले स्वारही देत असत.

यानंतर सांगाडा सरळ आहे का, हे मान, बिजागरी आणि दोन्ही चाकांच्या रेषा जुळवून पाहायचं. मानेतल्या सुट्या गोळ्यांऐवजी निमुळते रोलर बेअरिंग आणि स्विंग आर्ममधल्या झिजलेल्या बुशच्या जागी नीट मापाचे ब्राँझचे बुश हे दोन बदल खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देतात. मागची बिजागरी अर्धा मिलिमीटर हलत असेल तर ती ढिलाई चाकापाशी कितीतरी पट वाढते, आणि मग उत्तम शॉकॲब्सॉर्बर बसवूनही गाडी वळणावर भरवसा देत नाही.

इंजिन: हवा कुठून शिरते?

टू-स्ट्रोक इंजिनाचं वैशिष्ट्य असं, की त्याचा क्रँककेस हाही एक पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल-तेलाचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांनी वर चढतं. म्हणून क्रँककेस हवाबंद असणं ही पहिली गरज. क्रँकच्या टोकांवरची रबरी सील वर्षानुवर्षं पडून कडक होतात. त्यातून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण घटतं, ज्वलनाचं तापमान चढतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं किंवा इंजिन जॅम होतं. बरेच जण अशा वेळी कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छिद्रं, बदलत बसतात. मूळ दोष सीलमध्ये असतो.

त्यावरचा उपाय म्हणजे दाब-परीक्षा. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बुचाने बंद करायची, छोट्या हातपंपाने साधारण ६ पीएसआय दाब भरायचा आणि काटा काही मिनिटं स्थिर राहतो का ते पाहायचं. उतरला तर सगळे जोड आणि सील साबणाच्या पाण्याने तपासायचे; बुडबुडा सांगतो गळती कुठे आहे. इंजिन बांधून झाल्यावर, पहिली किक मारण्याआधी, ही परीक्षा झालीच पाहिजे.

क्रँक हा तुकडे दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग बदलायचं तर तो हायड्रॉलिक प्रेसवर उघडावा आणि पुन्हा जोडून दोन टोकांच्या मध्ये फिरवत डायल गेजवर जुळवावा लागतो. मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा जास्त फरक राहिला तर कंप वाढतो, बेअरिंग लवकर जातं आणि सील पुन्हा गळू लागतं.

सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालणं आपल्या कुठल्याही लेथवाल्याला माहीत असलेलं काम. पण टू-स्ट्रोकमध्ये एक पायरी अनेकदा राहून जाते. बोअर केल्यावर भिंतीतल्या वाटांच्या कडा धारदार होतात. त्या हाताने गोलसर न केल्यास पिस्टनची रिंग कडेला अडकते आणि तुटते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला फटही जास्त द्यावी लागते. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलं माप पाळावं, जुन्या पुस्तकातलं नव्हे. पिस्टनचा माथा आणि हेडच्या कडेमधली फट मऊ सोल्डरच्या तारेने मोजतात: तार प्लगच्या भोकातून भिंतीपर्यंत सरकवायची, क्रँक एक फेरी फिरवायचा आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजायची. या आकाराच्या इंजिनात ती साधारण १ ते १.५ मिलिमीटर असावी.

तेलाचं प्रमाणही समजून घ्यायला हवं. त्या काळी २० भाग पेट्रोलला १ भाग तेल असं मिश्रण प्रचलित होतं आणि शर्यतीच्या मैदानावर एरंडेलाचा वास दरवळायचा. आजच्या सिंथेटिक तेलात ३२ भागांना १ भाग पुरतो. पण तेल वाढवलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. तेलाचं प्रमाण बदललं तर जेट पुन्हा तपासावा लागतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी रबरं फुगतात आणि बुल्टाकोसारख्या स्पॅनिश गाड्यांच्या फायबरग्लास टाक्यांचं रेझिन मऊ पडतं. एल्सिनोरच्या ॲल्युमिनियम टाकीला ती भीती नाही, पण तिच्या नळ्या, कॉक आणि कार्ब्युरेटरमधली रबरं नवीच घालायला हवीत.

एक्झॉस्टमधली लाट

टू-स्ट्रोकची फुगीर नळी म्हणजे ‘एक्स्पान्शन चेंबर’. तो फक्त धूर बाहेर सोडत नाही. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट नळी रुंदावते तिथून ओढ निर्माण करते आणि सिलिंडर रिकामा करते. पुढे नळी अरुंद होते तिथून लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र विकसित केलं. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये देश सोडून सुझुकीकडे गेला, सोबत हे ज्ञान गेलं, आणि १९६२ मध्ये सुझुकीने त्याच्याच हातून ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. १९७० मध्ये सुझुकीच्याच गाडीवर बेल्जियमचा जोएल रॉबेर २५० सीसी मोटोक्रॉसचा विजेता झाला. जपानी टू-स्ट्रोकच्या यशामागे काडेन यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

या लाटेचं वेळापत्रक फार काटेकोर असतं. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी सुमारे ८.६ मिलिसेकंदांत पूर्ण होते. एक्झॉस्टची वाट त्यातला निम्मा वेळ उघडी राहते असं धरलं, तर लाटेला जाऊन परत यायला ४.३ मिलिसेकंद मिळतात. तापलेल्या धुरात ती सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. म्हणजे ती साधारण १ मीटर अंतरावरून परतायला हवी. जोर कमी फेऱ्यांवर हवा असेल तर नळी लांब, जास्त फेऱ्यांवर हवा असेल तर आखूड.

इथे चार इंचांची मर्यादा निर्णय देते. नळी आखूड करून आणि वाटा खरवडून कमाल ताकद वाढवता येते, पण ती एका अरुंद पट्ट्यात अचानक येते. मागचं चाक जमीन सोडून पुन्हा पुन्हा आदळणाऱ्या गाडीत असा जोर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. चाक नुसतं फिरतं आणि स्वार थकतो. म्हणून अनुभवी लोक उलट्या दिशेने जातात: मधल्या फेऱ्यांवर भरणारी नळी, थोडं जड फ्लायव्हील, वेळ अचूक राखणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. कागदावर दोन अश्वशक्ती कमी, पण शर्यतीत वळणातून बाहेर पडताना गाडी पुढे.

जेट लावताना नेहमी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त देणाऱ्या, बाजूने सुरुवात करावी. पूर्ण थ्रॉटलला मेन जेट, मधल्या थ्रॉटलला नीडल, बंद थ्रॉटलजवळ पायलट जेट, असा एकेक टप्पा स्वतंत्र तपासावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रिच इंजिन अडखळतं, धूर सोडतं, प्लग काळा करतं. लीन, म्हणजे पेट्रोल कमी मिळणारं, इंजिन छान पळतं आणि मग पिस्टन जाळतं.

चार इंचांचं सोनं

हालचाल वाढवता येत नाही, पण आहे ती हालचाल किती कामाची करायची हे आपल्या हातात असतं. जुन्या शॉकॲब्सॉर्बरचा खरा आजार उष्णता. खडबडीत जमिनीवर काही फेऱ्यांत त्यांचं तेल तापून पातळ होतं, हवा मिसळून फेसाळतं, आणि अडवणूक नाहीशी होऊन मागचं चाक उड्या मारू लागतं. वायूच्या दाबाखाली तेल ठेवणारे शॉकॲब्सॉर्बर या फेसाला रोखतात. मूळ लांबीचे, मूळ टेकूंवर बसणारे असे शॉकॲब्सॉर्बर बसवले तर गाडीची भूमिती तीच राहते आणि शेवटची फेरीही पहिलीसारखी होते.

पुढच्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. वेग दुप्पट झाला की अडवणूक चौपट होते. म्हणून जुना फोर्क सावकाश दबताना फार मऊ आणि दगडावर आदळताना फार कडक वाटतो. त्यावर ठरावीक दाबाला उघडणारी छोटी झडप आत बसवता येते. वर्गाच्या नियमात बसत असेल तर ती जरूर घ्यावी. बसत नसेल तरी तेलाचा जाडपणा आणि पातळी बदलून बरंच साधतं. तेलाची पातळी वाढवली की वर उरलेली हवा कमी होते, दबताना तीच स्प्रिंगसारखी वागते आणि शेवटचा आदळा मवाळ होतो. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवी सीलं चार दिवसही टिकत नाहीत; नळ्या हार्ड क्रोम करून घासून घ्याव्या लागतात.

स्प्रिंग स्वाराच्या वजनाची हवी. स्वार पूर्ण साजासह गाडीवर उभा राहिल्यावर मागचं चाक एकूण हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढं दबावं. म्हणजे १०० मिलिमीटरमध्ये २५ ते ३३. १९७३ मध्ये ही गाडी चालवणारा वीस वर्षांचा सडपातळ पोरगा असायचा, आज तिच्यावर बहुधा पन्नाशीचा माणूस बसतो. मूळ स्प्रिंग तशीच ठेवली तर अर्धी हालचाल त्याच्या वजनातच संपते.

ड्रम ब्रेक कमजोर असतात असा समज आहे. खरं तर शू आणि ड्रमची वक्रता जुळत नाही, म्हणून ते कमजोर वाटतात. ड्रम गोल करून शू त्याच्या मापाला घासून घेतले की पूर्ण पृष्ठभाग टेकतो आणि ब्रेक चांगला धरतो. स्पोक नवे असतील तर पहिल्या सरावानंतर पुन्हा ताणावेत. टायर मात्र आजचेच घ्यावेत. रुंद, स्प्रिंगने परत येणारे पायटेक, हात सोडताच मिटणारा थ्रॉटल आणि चालू स्थितीतला किल स्विच यांत काटकसर करू नये.

काय बदलायचं, काय नाही

प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारावेत. याने गाडी मोडणं थांबतं का? याने स्वार सुरक्षित राहतो का? की याने नंतरच्या काळातली गाडी जुन्या टाकीखाली लपवली जाते? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर बदल खुशाल करावा. तिसऱ्याचं ‘हो’ असेल तर तो टाळावा, नियम सांगो वा न सांगो. जुन्या सांगाड्यात आधुनिक शॉकॲब्सॉर्बर, आधुनिक फोर्क, आधुनिक डिस्क घालून वेग मिळेल, पण तसा वेग नवी गाडी विकत घेऊनही मिळतो. चार इंचांत मातीवरची वाट निवडणं, उडीआधी वजन मागे नेणं, खड्डा टाळण्यासाठी दहा मीटर आधी विचार करणं ही त्या पिढीच्या स्वारांची कला होती. गाडी त्या काळाची राहिली तरच ही कला पुन्हा शिकता येते.

मूळ भाग जपण्याची शिस्तही याचाच भाग. ॲल्युमिनियमची टाकी पडली की चेमटते आणि तशी दुसरी सहज मिळत नाही. शर्यतीसाठी नक्कल केलेली टाकी, प्लास्टिक मडगार्ड आणि हँडल वापरावं. मूळचं कपाटात जपून ठेवावं. सांगाड्यात असं काहीही कापू नये, जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही.

आपल्याकडची शिदोरी

एल्सिनोर आपल्या बाजारात आली नाही. पण टू-स्ट्रोकचं ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनल्या. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १००, आणि नंतरची सुझुकी शोगन, यांच्या इंजिनांवर पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या मातीतल्या शर्यती गाजल्या. नळीचे शंकू पत्र्यातून वळवणारे, कानाने मिश्रण ओळखणारे, क्रँक दाबून जुळवणारे कारागीर याच शर्यतींनी घडवले. कोल्हापूरच्या फाउंड्री आणि लेथच्या कामाला तर देशभर मान आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली, तेव्हा या खेळाला इथे किती प्रेक्षक आहेत तेही दिसलं.

प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारातून गेल्या, आणि त्यांचं काम जाणणारी पिढी आता साठीकडे झुकली आहे. तिचं ज्ञान अजून कुठे फारसं लिहिलेलं नाही. एखादी जुनी येझदी किंवा आरएक्स शर्यतीसाठी उभी करताना तुम्ही अशा कारागिराशेजारी बसलात, तर त्याने दिलेली मापं, फटी, जेटचे क्रमांक आणि कारणं लिहून घ्या. पहिला खर्च बेअरिंग, सील, ब्रेक आणि टायरवर करा. ताकद सर्वांत शेवटी वाढवा. आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद वहीत ठेवा, कारण गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला ती वही सुट्या भागांइतकीच लागणार आहे.